पेन्शन नामंजूर झाली, पुढे काय?

निर्मळच्या बचत गटातल्या आम्ही सगळ्याजणी तुमच्याशी बोलतोय. एरवी या वेळेला आम्ही कर्जाचे हप्ते, मसाल्यांची विक्री, सुकेळ्यांचं पॅकिंग असलं काहीतरी सांगतो. आजचा विषय वेगळा आहे. फौजेतून आजार घेऊन घरी आलेल्या माणसाची डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन, आणि ती नाकारली गेली तर अपील कसं करायचं, हे आज बोलू या.

कुणी म्हणेल, हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला? तर त्याचं कारण असं, की माणूस आजारी असतो तेव्हा कागद बाईच्या हातात येतात. तो गेला, तर मग सगळंच तिच्या हातात येतं. लोखंडी ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या खणात, देवघराच्या मागे प्लास्टिकच्या पिशवीत ते कागद असतात. इंग्रजीत असतात, म्हणून कुणी वाचत नाही. आणि सरकारी शिक्का असतो, म्हणून कुणी टाकतही नाही.

साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव तुम्ही ऐकलं असेल. घराघरातून सैनिक गेले म्हणून लोक त्याला 'अपशिंगे मिलिटरी'च म्हणतात. तशा गावात एकाची पेन्शन अडली तर पारावर चार माजी सैनिक सांगायला असतात की अमक्या ठिकाणी लिही, तमका कागद जोड. आपल्याकडे तसं नाही. आपल्या वसई-विरारमध्ये निवृत्त जवान आहेत, पण विखुरलेले. कुणी वाडीत, कुणी नालासोपाऱ्याच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, कुणी सोसायटीच्या गेटवर वॉचमन. सांगणारं शेजारी कुणी नसतं. म्हणून आज आम्ही सांगतोय.

आधी नियम समजून घेऊ. डिसॅबिलिटी पेन्शन मिळायला मुख्यतः दोन गोष्टी बघतात. एक, अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त आहे का. दुसरी, तो आजार किंवा ती इजा नोकरीमुळे झाली का, किंवा आधीपासून असेल तर नोकरीमुळे वाढली का. हे ठरवतं मेडिकल बोर्ड, म्हणजे फौजेतल्या डॉक्टरांची समिती. जवान बाहेर पडताना हे बोर्ड बसतं आणि अहवाल लिहितं.

गोळी लागली, सुरुंगात पाय गेला, तर वाद फारसा होत नाही. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जबर जखमी झाले आणि पुढे १९७२ साली पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांची जखम कुठून आली, असं कोण विचारणार? पण फिट्स येतात, रक्तदाब वाढतो, मधुमेह होतो, कान जातात, मन बिघडतं, अशा वेळी वाद सुरू होतो. कारण हे आजार घरी बसलेल्या माणसालाही होतात. मग अहवालात एक वाक्य येतं. त्याचा मराठीत अर्थ असा : आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. कधी त्याला 'मूळ प्रकृतीतला आजार' असंही म्हणतात. या एका वाक्यावर पेन्शन नामंजूर होते.

या वाक्याचा त्रास पैशांपुरताच असता तर एक वेळ चाललं असतं. पण ते वाक्य घरात शिरतं. आमच्या गटातल्या एका ताईची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, तिनेच तसं बजावलंय. तिचा नवरा भरती झाला तेव्हा ठणठणीत होता. दहा वर्षांनी फिट्स येऊ लागल्या आणि त्याला घरी पाठवलं. पत्रात ते वाक्य होतं. नातेवाईकांतल्या कुणीतरी ते वाचलं आणि अर्थ लावला की आजार आधीपासूनच होता, लपवून लग्न केलं. माहेरचे म्हणाले, फसवलं. सासरचे म्हणाले, आमच्या घराण्यात असलं काही नाही, ही आल्यावर सुरू झालं. मधल्या मधे ती. वर्षानुवर्षं तिने ते पत्र कुणाला दाखवलं नाही.

गटाच्या एका बैठकीला तिने ते पत्र आणलं. आमच्यापैकी जिला इंग्रजी वाचता येतं तिने ते सावकाश वाचलं. शेवटच्या परिच्छेदात साधी एक ओळ होती. निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल. ती ओळ त्या घरात कुणी वाचलेलीच नव्हती. सगळ्यांनी वरचं 'नामंजूर' तेवढं वाचलं होतं.

म्हणून आज आम्हाला जे सांगायचंय ते एवढंच : नामंजुरीचं पत्र म्हणजे निकाल नव्हे. ती पहिली पायरी असते. आणि पुढच्या पायऱ्यांवर कायदा जवानाच्या बाजूने बराच उभा आहे.

तो कसा, ते ऐका. १९८२ सालचे नियम आहेत, कोणाला अशी पेन्शन द्यायची याचे. त्यांत तीन गोष्टी आपल्या कामाच्या. पहिली, भरतीच्या वेळी जवानाची तपासणी होते. त्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो भरती होताना निरोगी होता असं धरून चालायचं. दुसरी, पुढे त्या आजारामुळे त्याला काढलं, तर तो आजार नोकरीत असतानाच झाला असं मानायचं. तो आजार भरतीच्या वेळी डॉक्टरांना तपासूनही कळणं शक्य नव्हतं, असं बोर्डाला म्हणायचं असेल, तर त्याची कारणं बोर्डाने लिहून द्यायला हवीत. आणि तिसरी, आजार नोकरीमुळेच झाला हे सिद्ध करायचं ओझं जवानावर टाकायचं नाही. शंका असेल तर तिचा फायदा त्यालाच.

या नियमांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केला. धर्मवीर सिंग १९८५ साली सिग्नल कोअरमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. १९९४ साली फिट्सच्या आजारामुळे, २० टक्के अपंगत्व दाखवून त्यांना घरी पाठवलं. बोर्डाने तेच वाक्य लिहिलं, आजार सेवेशी संबंधित नाही. पेन्शन नाकारली. ते हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयात गेले. तिथे एका न्यायाधीशांपुढे जिंकले, मग दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे हरले. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने पाहिलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती आणि बोर्डाने आपल्या मताची कारणंच दिली नव्हती. नुसतं 'संबंध नाही' म्हणून चालणार नाही, का नाही ते लिहा, असा त्याचा अर्थ. नोकरी सुटल्यापासून हा निकाल यायला १९ वर्षं लागली. पण त्यांच्या निकालाचा आधार घेऊन नंतर कितीतरी जणांच्या पेन्शनी सुटल्या.

आणखी एक गोष्ट त्याच निकालात आहे. नेमणूक सीमेवर नव्हती, शांत ठिकाणी होती, म्हणून आजाराचा नोकरीशी संबंध नाही, असं परस्पर म्हणता येत नाही. १९८३ च्या लष्करी वैद्यकीय सेवांच्या नियमांतच लिहिलंय की आजाराचं कारण युद्धक्षेत्रात घडलं की शांततेच्या ठिकाणी, याने फरक पडत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही नुसती आशा दाखवली असं होईल. प्रत्येक अपील जिंकत नाही. २०११ साली जुझार सिंग यांच्या खटल्यात जवान सुट्टीवर घरी आलेला असताना अपघात झाला होता. त्या अपघाताचा नोकरीशी संबंध नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन नाकारली. २०१९ साली नरसिंग यादव यांच्या खटल्यात मानसिक आजार होता. असा आजार भरतीच्या वेळी तपासणीत दिसतोच असं नाही, म्हणून नोंद नसल्याचा फायदा आपोआप मिळणार नाही, असं न्यायालय म्हणालं. शिवाय नियम बदलत गेले. १ जानेवारी २००८ पासून नवे नियम आले, २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे. म्हणून आधी एकच तारीख शोधायची : माणूस फौजेतून बाहेर कधी पडला. त्यावर कुठले नियम लागतात ते ठरतं.

आता पायऱ्या मोजू. कागद-पेन्सिल असेल तर जवळ घ्या.

पहिली पायरी, पहिलं अपील. नामंजुरीचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत. ते पत्र ज्या कार्यालयाने पाठवलं, तिथूनच ते पुढे अपील समितीकडे जातं. लष्करात प्रत्येक रेजिमेंटचं स्वतःचं रेकॉर्ड ऑफिस असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. नौदल आणि हवाई दलाची कार्यालयं वेगळी.

दुसरी पायरी, दुसरं अपील. पहिलं फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत, संरक्षण खात्याच्या वरच्या समितीकडे.

तिसरी पायरी, सशस्त्र सेना न्यायाधिकरण. लोक त्याला एएफटी म्हणतात. हे खास सैनिकांच्या तक्रारींसाठीचं न्यायालय आहे. २००७ साली कायदा झाला, २००९ साली काम सुरू झालं. तिथे एक सदस्य न्यायाधीश म्हणून काम केलेला असतो आणि एक सैन्यातला निवृत्त वरिष्ठ अधिकारी. म्हणजे कायदा जाणणाराही असतो आणि फौज जाणणाराही. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा यांच्यासाठीचं खंडपीठ मुंबईत आहे. साताऱ्या-नांदेडच्या बाईला त्यासाठी रात्रभर प्रवास करावा लागतो, आपल्याला नालासोपाऱ्याहून लोकल आहे. शेवटचा निर्णय आल्यापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करायचा. अपीलाला उत्तरच आलं नाही तर? सहा महिने वाट बघायची आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत अर्ज करायचा. उत्तर न देऊन कुणी तुम्हाला कायमचं लटकवून ठेवू शकत नाही. मुदत टळून गेली असेल तर उशीर का झाला ते लिहून माफीचा अर्ज जोडता येतो.

इथेही 'नाही' आलं, तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ते पक्कं केलंय. पण लक्षात घ्या, हा दरवाजा सरकारलाही उघडा आहे. जवान जिंकला तरी सरकार वर अपील करतं, असं पुष्कळदा झालंय. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली त्यांनी तज्ज्ञांची एक समिती नेमली होती. आपल्याच जवानांविरुद्ध इतके खटले का लढायचे, ते कमी कसे करायचे, हेच तिला बघायचं होतं. प्रश्न किती मोठा आहे ते यावरून कळावं.

पैशांचं गणित सांगतो. आपण बचत गटवाल्या, हिशोबाशिवाय आपलं समाधान होत नाही. अपंगत्व १०० टक्के असेल तर अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो. समजा शेवटचा पगार ५०,००० रुपये. म्हणजे १०० टक्क्यांना १५,००० रुपये. बोर्डाने २० टक्के लिहिले असतील तर हिशोबाने ३,००० रुपये येतात. पण सरकारचा एक नियम आहे, टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा. ५० च्या आत असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ च्या पुढे १००. म्हणजे २० टक्केवाल्याला ५० टक्क्यांचे ७,५०० रुपये. महिन्याला ४,५०० रुपयांचा फरक, वर महागाई भत्ता. हा फायदा फक्त आजारामुळे मुदतीआधी काढलेल्यांनाच की पूर्ण नोकरी करून अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांनाही, असा वाद होता. राम अवतार यांच्या खटल्यात १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दोघांनाही. तेव्हा ज्यांना पेन्शन मिळतेय त्यांनीही एकदा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, काढून बघा. त्यात टक्के किती लिहिलेत आणि पैसे कितीचे मिळतात?

आणि उशिराची किंमतही बघा. तरसेम सिंग यांची नोकरी १९८३ साली सुटली. ते कोर्टात गेले १९९९ साली. पेन्शन हा दर महिन्याचा हक्क आहे, म्हणून इतक्या वर्षांनीही दार बंद झालं नाही. पण २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मागची थकबाकी मात्र अर्ज केल्याआधीच्या तीन वर्षांचीच दिली. मधली बाकीची वर्षं बुडाली. या निकालाचा दाखला पुढे अनेक प्रकरणांत दिला गेला. म्हणून ट्रंकेत पडलेला कागद नुसता पडून नसतो, बायांनो. दर महिन्याला त्यातून काहीतरी गळत असतं.

नवरा हयात नसेल तर? तरीही. न्यायाधिकरणाच्या कायद्यातच लिहिलंय की निवृत्त सैनिकाचे अवलंबित आणि वारसही दाद मागू शकतात. त्याच्या हयातीत जे मिळायला हवं होतं त्याची थकबाकी वारस मागू शकतात. शिवाय विधवेची कौटुंबिक पेन्शनही यावर ठरते. साधी कौटुंबिक पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. मृत्यू नोकरीशी जोडलेल्या कारणाने झाला असं मान्य झालं, तर विशेष कौटुंबिक पेन्शन मिळते, ती ६० टक्के. म्हणजे त्या एका वाक्याचा फरक बाईच्या ताटात दुप्पट किंवा निम्मा होऊन पडतो.

आता उद्यापासून काय करायचं?

कागद गोळा करा. डिस्चार्ज बुक, पीपीओ, नामंजुरीचं पत्र, मेडिकल बोर्डाचा अहवाल, लष्करी इस्पितळाचे कागद. बोर्डाचा अहवाल नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला लिहून मागा. दिला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अहवाल आला की दोन जागा शोधा : भरतीच्या वेळी आजाराची नोंद होती का, आणि 'संबंध नाही' म्हणताना बोर्डाने कारण दिलंय का. कारणाचा रकाना रिकामा असेल किंवा तिथे एखादाच शब्द असेल, तर तुमच्या अपीलाचा मोठा आधार तिथेच आहे.

प्रत्येक अर्जाची प्रत ठेवा. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच प्रतीला टाचून ठेवा. पावतीवरची तारीख पुढे मुदत मोजायला लागते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अपीलाचा मसुदा, पत्ते, नमुने यांत त्यांची मदत होते. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून निघाला, तेव्हा त्याआधीची नोंद ठाण्याला असणार, हे धरून चला.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठलीही स्त्री मोफत वकील मागू शकते. तिचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना'ही सुरू केली आहे. सैनिक कल्याण कार्यालयात गेलात की तिच्याबद्दल विचारा.

आणि एजंटापासून सांभाळा. "थकबाकीतले तीस टक्के द्या, काम करून देतो," असं कुणी म्हणालं तर चहा पाजा आणि पाठवून द्या. निकालातल्या पैशांत हिस्सा ठरवून फी घेणं वकिलांनाही त्यांच्या नियमांनी मना आहे. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही.

आमच्या त्या ताईचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिने माहितीच्या अधिकारात अहवाल मागवला. भरतीच्या वेळच्या तपासणीत आजाराची नोंद नाही. उशीर का झाला ते तिने मराठीत लिहून दिलं, वकीलबाईंनी त्याचं इंग्रजी केलं. अर्ज दाखल झालाय. तारखा पडतायत. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण भरतीच्या तपासणीच्या त्या पानाची झेरॉक्स तिने दोन्ही घरी नेऊन दाखवली. 'आजार लपवला' असं आता तिच्यासमोर कुणी बोलत नाही. नवरा तारखेच्या दिवशी स्वतः शर्टाला इस्त्री करतो.

तुमच्या घरात, शेजारी, माहेरी कुणी फौजेतून आजारी होऊन आलं असेल तर हे त्यांना सांगा. निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, आगाशी, कुठल्याही गटातली बाई असो, कागद घेऊन आमच्या बैठकीला या. इंग्रजी वाचायला आम्ही बसू, तारखा मोजायला बसू, अर्जावर पत्ता लिहायला बसू. पुढचं काम वकिलाचं. पण पत्राची शेवटची ओळ वाचणं, हे आपल्याला आपसांत करता येतं.

पुढच्या वेळी बोलू गटाच्या कर्जाच्या विम्याबद्दल. तोवर नमस्कार.